म्युझिक टाकायच्या आधी

शाल्मलीने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "रफ कट आहे हं, अजून म्युझिक टाकलं नाहीये." पडद्यावर आमच्या बिल्डिंगमागची, बहारीनच्या नईम भागातली गल्ली होती. पाण्याच्या टाक्या, एसीच्या पेट्या, बंद शटर. त्या गल्लीतून शाल्मली, माझी मुलगी, मी तिच्या वयात घालायचे तशा दोन वेण्या घालून, छातीशी वही धरून चालत होती. तिच्या मागे पंधरा-वीस पावलांवर तिचा शाळेतला एक मित्र, इन केलेला शर्ट, हातात काही नाही. ती भराभर चालली की तो भराभर. ती शटरपाशी थांबली की तोही थांबायचा आणि भिंतीला टेकायचा. कुणी काही बोलत नव्हतं, नुसते पाय वाजत होते. तिचे पाय आणि जरा मागून त्याचे. मी वरण वाढत होते. पळी हातातून निसटून टेबलक्लॉथवर पडली. "अगं, बघून वाढ की," माझा नवरा सदानंद म्हणाला, पण त्याचं लक्ष पडद्यावरच होतं आणि चेहरा असा फुललेला, की विचारू नका. "म्युझिक टाक, मग बघ कसं उठतंय ते. बासरी टाक, बासरी." पोरगी हसली. मी वरण पुसत राहिले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी स्वतःला मागून बघत होते.

हे सगळं जयप्रकाशभाऊंच्या डोक्यातून निघालेलं. ते इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. यंदा मंडळाच्या वर्धापनदिनाला लघुपटांची स्पर्धा ठेवली, विषय 'आमची पहिली भेट', आणि नियम असा की मुलांनी आईवडिलांच्या भेटीवर फिल्म करायची. बहारीनमधल्या तमाम मराठी घरांमधून सध्या जुने अल्बम बाहेर निघाले आहेत. आमच्याकडे अल्बम काढायची गरजच नव्हती. आमची गोष्ट मंडळात सगळ्यांना तोंडपाठ आहे, कारण ती मी स्वतः स्टेजवरून सांगितलेली आहे, आणि एकदा नाही, चांगली सात-आठ वेळा. मी मंडळाची निवेदिका. दिवसा दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते, आणि कार्यक्रम असला की दोन गाण्यांच्या मधल्या जागेत गोड बोलते. हे काम ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक असेल, निवेदनाला खरं-खोटं नसतं, हळवं असावं लागतं. आवाज जरासा खाली आणायचा, 'आणि मग' म्हणून थांबायचं, 'अलवार' हा शब्द तासाभरात तीनदा तरी यायला हवा.

पंधरा वर्षांपूर्वीच्या कोजागिरीला गायिकेचा माइक बंद पडला. साउंडवाला वायरी उपसत बसला आणि जयप्रकाशभाऊ विंगेतून हाताने खूण करत होते, ताणा, वहिनी, ताणा. माझ्या कागदांवरचं सगळं संपलेलं. मग मी आवाज खाली आणला आणि म्हणाले, "विट्याच्या एका गल्लीतून एक मुलगी रोज संध्याकाळी पाचला टायपिंगच्या क्लासला जायची. आणि मग…" दहा मिनिटं मी हॉल मुठीत ठेवला. तो रोज मागे येणारा अबोल तरुण, ती तुटलेली चप्पल, ती चप्पल घरी घेऊन आलेला तो, आणि तिथेच जमलेलं लग्न. शेवटी म्हणाले, "तिला कुठं ठाऊक होतं, की आपल्या मागून येणारी ती पावलं आयुष्यभर आपल्या सोबत चालणार आहेत." टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत सदानंद बसला होता. त्याची मान हळूहळू ताठ होत गेलेली मी वरून पाहिली. तोवर घरात हा विषय कधी निघायचा नाही. कुणी विचारलं तर तो 'ठरवून झालं' म्हणायचा आणि मीही. त्या रात्रीपासून तो लोकांना स्वतःहून सांगायला लागला. मीच त्याला हिरो केलं, तेही माइक बिघडला म्हणून. मनात मी त्याला अरे-तुरेच करते. तोंडावर अहो म्हणते, तेवढी जनाची लाज आहे.

खरं काय होतं ते मी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही घडत नाही. त्यानं मला कधी हात लावला नाही, वेडंवाकडं बोलला नाही. फक्त यायचा. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत, रविवार सोडून. यंत्रमागांचा खडखडाट चालू असलेल्या गल्लीतून जाताना त्याची पावलं ऐकू यायची नाहीत, ते सगळ्यात वाईट, कारण मग मान न वळवता अंदाज घ्यावा लागायचा. मी रस्ता बदलला, त्यानं बदलला. मैत्रिणीला सोबत घेतलं तर तीच म्हणाली, कसला दिसतोय गं, तुझी तर चंगळ आहे. आम्ही दोघी मिळून जे सिनेमे बघायचो त्यांत हे असंच असायचं. हिरो मागे लागतो, हिरॉईन चिडते, मध्यंतरापर्यंत चिडते, मग तिला कळतं की हेच प्रेम. तिच्या नकाराचा उपयोग एवढाच की पुढचं गाणं कुठे घालायचं ते ठरतं. मीही मध्यंतराची वाट बघत होते. म्हणायचे, आज ना उद्या आपल्यालाही कळेल, तो दिसला की आपण वही छातीशी आवळतो तेच ते असणार. सिनेमात अशा वेळी व्हायोलिन असतं, मला मागांचा खडखडाट होता, म्हणून कळत नसेल. आता हसू येतं, पण एकोणीस वर्षांच्या मुलीला दुसरं शिकवलं होतं कोणी?

गेल्या ईदला रिफा शहरातल्या मॉलमध्ये सिनेमाला गेलो होतो, मंडळातली चार कुटुंबं. मध्येच थिएटरचा आवाज गेला. चित्र चालू. कॉलेजच्या जिन्यात हिरोनं तिचं मनगट धरलेलं, तोंड हलतंय, शब्द नाहीत, गाणं नाही. लोक ओरडत होते, मी बघत होते. ती मनगट सोडवायला बघत होती. एकदा, दोनदा, चार वेळा. आवाज असताना हे मला दिसलं असतं का, सांगता येत नाही. बहुतेक नसतंच. मग आवाज आला, हिरो काहीतरी दणदणीत बोलला आणि तिला एक ठेवून दिली, आणि अख्ख्या थिएटरनं टाळ्या पिटल्या. पुढच्या प्रसंगात रडत हिरोच होता आणि आमच्या बायका डोळे पुसत होत्या, कोणासाठी, तर त्याच्यासाठी. बिचारा किती प्रेम करतो. मी पॉपकॉर्न खाल्ले. घरी येताना गाडीत सदानंद म्हणाला, पिक्चर जोरात होता, आणि मी हो म्हणाले. ह्या 'हो'ची मला शाल्मलीच्या पायांचा आवाज ऐकताना आठवण झाली आणि स्वतःचीच शिसारी आली.

चप्पल कशी तुटली ते सांगायला हवं. नोव्हेंबरात टायपिंगच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता, इंग्रजी, मिनिटाला चाळीस शब्द. माझा हात बसला होता, सर म्हणाले होते, झेडपीत लागशील. त्या दिवशी तो पंधरा पावलांवर नव्हता, पाचावर आला होता. मी पळाले. चपलेचा अंगठा तुटला, मी ती तिथेच टाकली आणि एका पायाने अनवाणी घरी आले. अर्ध्या तासाने तो दारात. चप्पल वर्तमानपत्रात नीट गुंडाळून आणलेली. आमचे अण्णा चप्पल हातात घेऊन उभे राहिले, शेजारची तीन माणसं बघत होती. अण्णांनी मला काही विचारलं नाही. त्याला विचारलं, कुठला, कोणाचा, काय करतोस. जातीतला निघाला, अप्रेंटिस होता, गल्फला जायचं चाललेलं. परक्या पुरुषाच्या हातून मुलीची चप्पल घरी आली ती सगळ्या गल्लीनं बघितली, आता उपाय एकच. क्लास दुसऱ्या दिवसापासून बंद. फॉर्म वहीतच राहिला. मे महिन्यात लग्न. स्टेजवर मी ह्याला 'चपलेनं जमवलेलं लग्न' म्हणायचे आणि हॉल हसायचा.

तो वाईट नवरा निघाला असं मी म्हणणार नाही. हात कधी उचलला नाही. फक्त पहिली सहा वर्षं माझं रेसिडेंट कार्ड त्याच्या पाकिटात असायचं, हरवशील म्हणून. खाली दुकानात जायचं म्हटलं की "तू कशाला, मी आणतो की." फोनवर मी कोणाशी बोलले ते तो विचारायचा नाही, फक्त तिथेच येऊन बसायचा. पुढे वय झालं, मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमध्ये फोरमन झाला, त्याच्या हाताखाली वीस माणसं आली आणि माझ्यावरचं लक्ष आपोआप कमी झालं. ह्याला लोक संसार मुरणं म्हणतात. मीही म्हणत आले, कारण आपण गिळलेलं गोडच होतं असं म्हणावं लागतं, नाहीतर गिळलं कशाला असं कोणी विचारेल.

हे सगळं मी आणखी पंचवीस वर्षं गिळलं असतं. पण शाल्मली वीस वर्षांची आहे. पुण्यात शिकते, सुट्टीला आली आहे, आणि तिला कोचीच्या एका एडिटिंग स्टुडिओत सहा महिने काम शिकायला बोलावलं आहे. शंभरेक अर्जांतून दोघांना घेतलं, त्यात ही. रविवारपर्यंत कळवायचं. आणि ती नकार कळवणार होती. ओजस नको म्हणतो. ओजस तिचा मित्र, दोन वर्षांपासूनचा. त्याला तिचं लोकेशन चोवीस तास फोनवर दिसतं. तिनं एकदा रागाने दिवसभर फोन उचलला नाही, तर हा हॉस्टेलच्या फाटकाशी सात तास उभा. हे ती मला ओट्याशी उभी राहून सांगत होती, काकडी खात खात, डोळे चमकवून. "सात तास, आई. ऊन बघ, काही खाल्लं नाही. ही इज सो इंटेन्स. एकदम बाबासारखा." कोचीला गेलीस तर मी स्वतःचं काय करून घेईन सांगता येत नाही, असंही तो म्हणाला होता, आणि तेही तिने कौतुकातच सांगितलं. बाबासारखा. माझ्या हातची पोळी तव्यावर करपली. मी ती बाजूला काढून दुसरी लाटायला घेतली. बोलणार काय, तिला हे शिकवलं कोणी? पाच वर्षांची असल्यापासून ती पहिल्या रांगेत बापाच्या मांडीवर बसून माझी गोष्ट ऐकत आली होती.

रफ कट बघितला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी महमुदा डबा परत द्यायला आली. खेडची, दोन महिन्यांपूर्वी आमच्या मजल्यावर राहायला आली आहे, तिला आमचं पुराण ठाऊक नाही. शाल्मली टेबलावर एडिट करत होती आणि तेच दृश्य पुन्हा पुन्हा चाललं होतं. महमुदा डबा हातात धरून बघत उभी राहिली. मग म्हणाली, "कोणाला भिऊन धावतेय ही पोर?"

"नाही आंटी, लव्हस्टोरी आहे," शाल्मली म्हणाली.

"असेल बाय, मला काय ठाव." महमुदाने डबा ओट्यावर ठेवला. "पण तो मेला तिला गाठणार आता, असंच वाटतंय बघ." आणि गेली, तिला मटण चढवायचं होतं. शाल्मलीने खांदे उडवले आणि माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं, तर डबा धुवायला लागले. पण जे दोन मिनिटं बघणाऱ्या बाईला दिसलं ते आम्हाला तिघांना दिसत नाही, ही गोष्ट त्या क्षणापासून मला गप्प बसू देईना. दवाखान्यात अपॉइंटमेंट लिहिताना मी दोनदा नावं चुकवली.

शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, व्हॉइसओव्हर. घरात शक्य नव्हतं, खाली बेकरी, वर मुलं. सदानंद म्हणाला, मीना सलमानला गोदामांच्या मागे शुक्रवारी चिटपाखरू नसतं, गाडीतच करू, काचा बंद केल्या की स्टुडिओ. "यल्ला, चला." दुपारी तीनला आम्ही तिथे. शाल्मली स्टिअरिंगवर, मी शेजारी, सदानंद मागच्या सीटवर, शेवटी त्याचीही दोन वाक्यं होती म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. आवाजाला शर्ट कशाला लागतो, पण असो. पोरीने फोन डॅशबोर्डवर लावला, रेकॉर्डिंग सुरू केलं, बोटाने खूण केली. मी कागद वाचायला लागले. माझंच वाक्य होतं, कोजागिरीचं. तिला कुठं ठाऊक होतं, की आपल्या मागून येणारी ती पावलं… आणि फोन वाजला. ओजस. टेक गेला. तिने कट केला, लगेच पुन्हा वाजला.

"एअरप्लेन मोडवर टाक की," मी म्हणाले.

"नको, लोकेशन जातं मग. पॅनिक होतो तो." तिने काहीतरी टाइप करून पाठवलं आणि पुन्हा बोट वर केलं. "ओके. रोलिंग."

मी कागदाची घडी घातली आणि मांडीखाली सरकवला.

"मला त्या पावलांची भीती वाटायची," मी म्हणाले. आवाज खाली आणला नाही. माझा रिसेप्शनवरचा आवाज आहे तोच लावला. "साडेतीन महिने रोज. मी रस्ता बदलला, वेळ बदलली. मी वळून बघायचे ते तो किती जवळ आलाय ते कळावं म्हणून. चप्पल तुटली तेव्हा मी पळत होते. माझी टायपिंगची परीक्षा राहिली. मला कोणी विचारलं नाही, तुला हा मुलगा हवा का. माझ्या वडलांनी नाही, ह्यांनी नाही. पुढं पंधरा वर्षं मी ही गोष्ट स्टेजवरून गोड करून सांगितली. ती खोटी आहे. हसले असेन तर स्टेजवर. त्या गल्लीत मी एकदाही हसले नव्हते."

"सुनीता," मागून आवाज आला. "बास की. पोरीसमोर काय हे."

"पोरीसाठीच चाललंय हे," मी म्हणाले. "आजवर गप्प होते ते पुष्कळ झालं. ती कोचीला नाही म्हणणार आहे, अहो. एक मुलगा तिच्या फाटकाशी सात तास उभा राहतो आणि तिला तुमची आठवण होते. ह्याच्यात तुम्हाला मोठेपणा वाटतो का?"

शाल्मलीने वर केलेलं बोट खाली आणलं. रेकॉर्डिंग चालू होतं, लाल आकडे पळत होते. "आता सांगतेस?" ती म्हणाली. "आय मीन, आय ग्रू अप ऑन धिस. तूच सांगायचीस, आई. तूच. मी शाळेत निबंध लिहिला होता ह्याच्यावर."

"हो. मीच."

"मग मी आता कुठलं खरं धरू?"

मला रडू येत नव्हतं. राग होता. त्याच्यावर, अण्णांवर, माझ्यावर, त्या सगळ्या हिरोंवर आणि त्यांना बासरी पुरवणाऱ्यांवर. बरा वाटत होता तो राग, इतकी वर्षं कुठे ठेवला होता कोण जाणे. शाल्मली सीटवर वळली आणि तिने मागे बघितलं.

"बाबा, तुला माहीत होतं? की ती घाबरते?"

मला वाटलं, तो उतरेल आणि दार आपटेल. किंवा म्हणेल, तिचं काय ऐकतेस, तेव्हा लाजायची ती. मी त्याला पंचवीस वर्षं ह्याच एका बाबतीत सूट देत आले होते, की बिचाऱ्याला कळलंच नसेल. सिनेमेच बघितलेले त्यानंही. त्याने शर्टाच्या बाहीचं बटण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"माहीत होतं," तो म्हणाला.

त्याने बाही कोपरापर्यंत दुमडली.

"वर्कशॉपला फोरमन सगळ्यांसमोर आईवरनं बोलायचा. घरात वडलांपुढं तोंड उघडायची सोय नव्हती. कुत्रं विचारत न्हवतं मला. हिच्या मागं गेलो की हिचा चालायचा स्पीड वाढायचा. माझ्यामुळं. मला भिणारं माणूस जगात एकच हुतं. बरं वाटायचं. म्हणून रोज जायचो. हिच्यावर प्रेम-बिम तेव्हा काय न्हवतं. ते ही स्टेजवर बोलली तेव्हा मला कळलं, की असं म्हणायचं असतं. मग मलाबी तेच खरं वाटाय लागलं."

किती वर्षांनी तो विट्याकडचं बोलला. मला धक्का बसायला हवा होता आणि बसलाही, पण त्याच्या खाली एक गार, टणक काहीतरी होतं ज्यावर पाय टेकता येत होता. म्हणजे मला भास होत नव्हते. मला जे वाटत होतं ते त्यालाही ठाऊक होतं, आणि ठाऊक असून तो येत होता. माफ करायचं की नाही हे मी त्या दिवशी ठरवलं नाही, अजूनही ठरवलेलं नाही, आणि कोणी घाई करू नये.

शाल्मलीने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. मग कोणाकडेच न बघता म्हणाली, "तो फाटकाशी होता तेव्हा मी खिडकीच्या खाली बसले होते. फ्लोअरवर. सात तास. लाईट पण लावला नाही, त्याला दिसेल म्हणून. बाथरूम कॉरिडॉरच्या टोकाला आहे, तिथेपण गेले नाही." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो राहू दिला. "मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मला ते फील का होत नाहीये."

फोन वाजला. ओजस. तिने वाजू दिला, बंद पडू दिला, पुन्हा वाजला. मग तिने फोन डॅशबोर्डवरून काढला, तो एअरप्लेन मोडवर टाकला आणि परत तिथे लावला.

"मी कोचीला जातेय," ती म्हणाली. "मेल आज संध्याकाळी करणार. त्याच्याशी मी बोलीन, तुम्ही कोणी बोलायचं नाही." आणि मग मागे वळून, आवाज अगदी कामाचा करून, "बाबा, पुढे सरक. दोन सीटच्या मध्ये ये. तुझा आवाज लांबून आलाय."

"कशाला आता?"

"मगाशी जे बोललास ते परत बोल. पहिल्यापासून. फिल्ममध्ये हेच जाणार आहे."

"मंडळात? सगळ्यांसमोर?" त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं असणार, ही आता काहीतरी गोड बोलून सावरून घेईल. माझं ते कामच होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले. गोदामापाशी एक ट्रेलर रिव्हर्स घ्यायला लागला होता, त्याची पीप-पीप आत येत होती. सदानंद पुढे सरकला, त्याचे गुडघे माझ्या सीटला लागले. शाल्मलीने बोट वर केलं. मी माझ्या बाजूची बोटभर उघडी राहिलेली काच पूर्ण वर घेतली, म्हणजे त्याचा शब्द न् शब्द नीट येईल.